ओहोटीचा फोटो

रतनबाई : पण बोट आडवी पडल्याली म्या फोटूत ह्या डोळ्यांनी बघितली, प्रेरणा! खाली पाण्याचा टिपूस न्हाई!

प्रेरणा : आई, मी ठणठणीत आहे गं. फोन बंद पडला होता. आत्ता खोलीवर येऊन चार्ज केला, तर तुमचे एवढे कॉल!

रतनबाई : सकाळपासनं पोटात अन्नाचा कण न्हाई. उत्रोलीतनं नेसत्या लुगड्यानिशी निघालो. हितं भोरच्या स्टँडवर पोचतोय तर तुझा फोन.

प्रेरणा : अगं, तो फोटो मीच हौसेनं स्टेटसला ठेवला होता.

रखमाजी : हौस कसली? समुद्राचं पाणी सोडलं कुणी? आन सोडायच्या आदी भोंगा तरी वाजवायचा का न्हाई?

प्रेरणा : आबा! समुद्र म्हणजे भाटघर धरण नव्हे. ओहोटी लागली की पाणी आपलं आपण मागं जातं, परत येतं. आम्ही मुद्दाम बोट वाळूवर टेकवली.

रतनबाई : मुद्दाम! आयका पोरीचं! आन हितं आमचा जीव टांगणीला!

प्रेरणा : तिथल्या कोळणी दाखवणार होत्या ना, शिंपल्या कुठं होतात ते. ड्रेजरवाले साहेबपण होते, वाळू उपसणारे. जिथं शिंपल्या, तिथं उपसा नाही, असं आज ठरलं. वाळू कुठं काढायची, कुठं नाही, हा आमच्या ऑफिसचा आराखडा अख्ख्या किनाऱ्याचा आहे. इथली वाळू बेसुमार काढली तर पलीकडच्या गावचा किनारा खचतो.

रखमाजी : खचतो व्हय... आपल्या नीरंचं झालं तसं. वाळू नेली, काठ ढासळला, भाताचा तुकडा गेला.

प्रेरणा : तेच सांगितलं मी त्यांना.

रखमाजी : आयकलं?

प्रेरणा : लई कुरकुरले, आबा. पण हद्दीचे बांबू रोवू दिले.

रतनबाई : अवो, डोळं पुसा. लोकं बघत्यात.

रखमाजी : बघू दे. माझी पोर धड हाय.

प्रेरणा : बरं, आता घरी जा. आधी जेवा.

रतनबाई : घरी? कोकणात उतरणारी म्हाडची गाडी लागलीया समोर. वाईट झालं म्हणून निघालो, आन चांगलं झालं म्हणून माघारी फिरायचं व्हय? काय पण बोलतीस!

प्रेरणा : आबा, खरं सांगा. नोकरी सोडवून मला न्यायला निघाला होतात ना?

(एसटीचा हॉर्न.)

रखमाजी : निघालो तवा तसंच ठरवलं हुतं, पोरी. आता बघाया येतोय.