कवड्याचे वरचे दात

झालं? पोटं भरली, हात धुतले, आता म्हाताऱ्याला छळा. भुताची गोष्ट सांगा म्हणे! माझा गुडघा ठणकतोय ते कुणी विचारलं का? बरं, कंदील इकडं सरकवा आणि ऐका. मध्ये बोललात तर उठून झोपायला जाईन.

माझा हाडं साफ करायचा नाद तुम्हाला ठाऊक आहे. फळीवर मुंगूस आहे, घोरपड आहे. गाव म्हणतं, करणी करतो. करणी कसली! मेलेलं जनावर पुरायचं, मातीनं मांस खाल्लं की हाडं काढून बादलीत भिजत घालायची. उकळायची नाहीत. उकळली की चरबी आत मुरते, हाड पिवळं पडतं. मग साबण. मग जखमेवर फेसाळतं ते औषधाच्या दुकानातलं पाणी. हाड कसं जाईच्या फुलासारखं निघतं.

तर आमचा कवड्या बैल. त्याची आई मेली तेव्हा तुमच्या आजीनं, कोंडाबाईनं, त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. मेला तेव्हा ओढ्यापलीकडं पुरला. वर्ष उलटलं तरी ही बाई रिकाम्या दावणीशी बोलायची. एकदा मला म्हणाली, "गावभरची हाडं घरात आणता. माझा कवड्याच तेवढा मातीत."

निघालो. दिवसा खणलं असतं तर गाव गोळा झालं असतं, म्हणून दिवेलागणीनंतर. डोकं काढलं, खालचा जबडा काढला, पोत्यात घातलं. आणि परत येताना पडक्या विहिरीची पायवाट धरली. जवळची म्हणून!

ऐका हं. आधी घुंगरं वाजली. म्हटलं, असेल कुणाची गाडी. गाडी कुठली! मग मागून हाक, हुबेहूब कोंडाबाईची. "आवो, थांबा की!" ही बाई मला जन्मात कधी थांबा म्हणाली नाही. कायम "उचला पाय". मी पाय उचलला. पण वाट संपेना! तेच बोरीचं झुडूप. पुन्हा तेच. पुन्हा तेच! चकवा लागला, दुसरं काय.

आणि पुढं कवड्या उभा!

जिता. कपाळावर तेच ठिपके, मान तशीच तिरकी. डोळ्यांना पाणीच आलं माझ्या. हसता काय? पोत्यात त्याचं डोकं आणि समोर तो, पण सुचतंय कुणाला! "कवड्या, लेकरा," म्हणत गेलो. तो मागं सरकला. मी पुढं. तो मागं, मी पुढं. गळ्याखाली खाजवायला हात लांबवला. त्यानं तोंड उघडलं.

वर, पुढं, दात!

अरे, बैलाला वरच्या जबड्यात पुढं दात नसतात! नुसती हिरडी असते. भुताला सगळं जमलं, तेवढं ठाऊक नव्हतं. माणसाचे दात लावून हसत होतं मेलं! "मला बैलाचे दात दाखवतोस, मुडद्या!" ओरडलो आणि मागं उडी घेतली. पायाखालचा दगड सुटला. किती वेळानं खालून आवाज आला, डुबुक! मी विहिरीच्या काठावर होतो. आणि ते उभं होतं पोकळीवर.

पोतं छातीशी धरून पळालो तो उंबऱ्यात आडवा. कोंडाबाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. डोकं काढून मांडीवर घेतलं, लुगडं मातीनं भरलं, आणि कपाळावरून हात फिरवत बसली. "आला गं बाई माझा."

म्हटलं, "मीपण आलोय."

"दिसतंय की."

तेव्हा ती पायवाट धरायची नाही. ओळखीचं कुणी दिसलं तर मुळीच नाही.

काय? फळीवरच्या कवड्याला खालचेही पुढचे दात नाहीत, ते का? भुतानं नाही नेले. भिजल्यावर ते सुटून बादलीच्या तळाशी पडतात. पाणी फडक्यातून गाळून ओतायचं असतं. तर माझा मेहुणा, भिकोबा, पाहुणा आलेला. "काय घाण मारतंय" म्हणत अख्खी बादली उकिरड्यावर ओतून मोकळा! कोंडाबाई चाळण घेऊन उकिरडा चाळत बसली, डोळे पुसत. एक दात मिळाला नाही. आणि हा दारात उभा राहून चहा मागतोय! चुकलं म्हणून अजून तोंडातून शब्द काढलेला नाही त्या भिकोबानं.