लिफ्ट सासऱ्यांनी बंद केली, त्याबाबत

मी, वय एक्केचाळीस, काम चष्म्याच्या काचा घासण्याचं, राहणार बाजाररस्त्यावरच्या आठ मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर, आज स्वतः पोलीस ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते की, आमच्या घरी मी, नवरा, मुलगी आणि सासरे अशी चौघं राहतो. नवरा लिफ्ट मेकॅनिक आहे. आमच्या इमारतीची लिफ्टही तोच सांभाळतो, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याच्या नावाने तक्रार दिली. परंतु आज सकाळपासून तो कामावर आहे. लिफ्टला त्याने हात लावलेला नाही.

येत्या शनिवारी आम्ही डोंगरातल्या उद्यानात धबधबा पाहायला चालत जाणार आहोत. महिनाभर घरात दुसरा विषय नाही. नवऱ्याने नकाशा जेवणाच्या टेबलाला चिकटपट्टीने चिकटवला आहे आणि त्यावर चहा सांडून एक डोंगर तपकिरी झाला आहे. मुलगी नवे बूट पायात घालूनच झोपते. मी काच घासता घासता उगीच हसते, असं आमचे मालक म्हणतात. तेही खरं आहे.

सासरे, वय एकाहत्तर, यांनी फोटो स्टुडिओचे पडदे रंगवण्यात उभा जन्म काढला. त्यांचा धबधब्याचा पडदा फार चालायचा. गावातली निम्मी जोडपी त्यापुढे उभी राहिलेली आहेत. तो पडदा त्यांनी एका कॅलेंडरवरून काढला होता. खरा धबधबा त्यांनी आजवर पाहिलेला नाही. "लोकांना उभं करत आलो, आता मला उभं राहायचंय," असं ते येईल त्याला सांगतात. गेल्या वर्षी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी अट घातली की आधी इमारतीचे जिने गच्चीपर्यंत बोलत बोलत चढून दाखवायचे, मध्ये बसायचं नाही. जमलं तर जायचं, नाहीतर घरी राहायचं.

गेल्या रविवारी पहिली परीक्षा झाली. आम्ही तिघं गच्चीवर वाट पाहत होतो. सासरे घामाचा टिपूस न येता हजर झाले. आम्ही नाचायचेच बाकी होतो. मग मुलीने विचारलं, "आजोबा, चौथ्या मजल्यावर मी खडूनं पूल काढलाय, तो पाहिलात?" सासरे म्हणाले, "पाहिला की! चांगला भक्कम आहे." चौथ्या मजल्यावर पूल नव्हता. सासऱ्यांनी दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट पकडली होती.

आज सकाळी त्यांनी नवऱ्याच्या पिशवीतली किल्ली घेऊन लिफ्ट बंद केली आणि 'दुरुस्ती चालू' ही पाटी अडकवली. मी विचारलं, "बाबा, हे काय चाललंय?" ते म्हणाले, "सूनबाई, ती दार उघडून उभी असली की माझा माझ्यावर भरवसा राहत नाही." मी त्यांना अडवायला हवं होतं. अडवलं नाही, कारण मलाही ते यायला हवे आहेत.

आजच्या पहिल्या खेपेला मी त्यांच्या मागेच होते. पाचव्या मजल्यावर ते पायरीवर बसले. त्याच वेळी सेक्रेटरी दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या घेऊन धुसफुसत वर आले आणि त्यांनी सासऱ्यांना बसलेलं पाहिलं. तक्रारीत त्यांनी तसं लिहिलं आहे. ठाण्याकडे येताना सासरे मला म्हणाले, "बुटाची नाडी बांधत होतो म्हण." ते नाडी बांधत नव्हते. जिवाशी खेळ नको, म्हणून मी हे लपवत नाही. मी त्यांना म्हटलं होतं, "राहू द्या बाबा, पुढच्या वर्षी जाऊ." ते कठडा धरून खाली उतरले. मला फार वाईट वाटलं.

घरी चहा घेऊन, आडवे होऊन, ते पुन्हा जिन्याशी आले. इतक्यात चौकशीला हवालदारसाहेब आले. सासरे म्हणाले, "चढता चढता विचारा, मला बोलतच चढायचंय." साहेबांनी लिफ्ट कोणी बंद केली ते विचारलं. सासऱ्यांनी सांगितलं. किल्ली कुठून घेतली, पाटी कोणाची, मुलाला माहीत होतं का, सगळ्याची उत्तरं त्यांनी पायरी न चुकवता दिली. पाचवा मजला आला कधी नि गेला कधी, कळलं नाही. मी मागून पायऱ्या मोजत होते. सहाव्यावर साहेबांचे प्रश्न संपले, तेव्हा पडद्यावरच्या पाण्याला निळा रंग किती आणि पांढरा किती हे सासरे आपणहून सांगू लागले. सातव्यावर साहेबांना धाप लागून त्यांनी कठडा धरला. सासरे म्हणाले, "बसू नका हं साहेब, बसलं की संपलं!" आणि त्यांना पुढे घातलं.

गच्चीवर मुलगी पाण्याचा पाइप घेऊन दबा धरून होती. वर येणाऱ्यावर पाणी सोडायचं, हे आमचं आधीच ठरलेलं होतं. साहेब पुढे होते याला तिचा नाइलाज आहे. त्यांच्या भिजलेल्या गणवेशाबद्दल मी माफी मागते. सासरे डोळे मिटून त्या पाण्याखाली उभे राहिले आणि मी मोठ्याने रडले. लिफ्ट त्यानंतर लगेच चालू केली.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच उतरला आहे. धाप लागल्याचं वाक्य गाळावं, असं लिहून घेणाऱ्या हवालदारसाहेबांचं म्हणणं पडलं. मी गाळू दिलं नाही. याची एक प्रत मला द्यावी, डॉक्टरांना दाखवायची आहे. पुढील चौकशीसाठी शनिवार सोडून कधीही यावं. शनिवारी आमच्या घरी कोणीही नसेल.