रुमाल टाकलेली खुर्ची

...आणि हट्टी कोण, तर मी! घरात सगळे तेच म्हणतात. तुम्हाला सांगतो, अख्खी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून उभ्यानं काढली मी, कधी कुणाच्या जागेवर बसलो नाही, आणि बसलो तो एकदाच, तेही नातीच्या खुर्चीवर, तिच्याचसाठी, तर केवढा गहजब!

नात म्हणजे आमची भिंगरी. नाव वेगळं आहे, पण ती एका जागी थांबलेली कुणी पाहिलेली नाही, म्हणून भिंगरी. कॉलेजात पहिली आली. वर्गात नाही, अख्ख्या कॉलेजात! मी चौथीत शाळा सोडली. म्हणजे मास्तरांनी सोडवली. आणि आता हिला सुवर्णपदक, व्यासपीठावर बोलावून, सगळ्यांसमक्ष! मला एवढंच बघायचं होतं. तिच्या गळ्यात पदक पडताना. बाकी भाषणं-बिषणं गेली खड्ड्यात.

आता मला सांगा, जी मुलगी पहिली येते तिनं त्या दिवशी काय करावं? गाऊन घालावा, खुर्चीत बसावं, गप्प राहावं. पण नाही! स्वागतगीत कुणी बसवलं? भिंगरीनं. मासिकाचं प्रकाशन, गठ्ठे कोण सोडणार? भिंगरी. पाहुण्यांना गेटवरून आणणार कोण, पडदा अडकला तर शिडीवर चढणार कोण... "अगं, सत्कार तुझाच आहे ना?" म्हटलं मी. तर म्हणते, "हो आजोबा, पण मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कुणाला तरी सांगतील." अहो, सांगू देत की! जगात दुसरी माणसं कशाला आहेत?

मला आणि हिला, म्हणजे तिच्या आजीला, तिनं मागं पालकांत बसवलं, "आलेच हं" म्हणाली आणि गेली ती गेलीच. पहिली रांग मानकऱ्यांची. काळे गाऊन, खुर्चीच्या पाठीला एकेकाचं नाव चिकटवलेलं. सगळ्या खुर्च्या भरल्या, एक रिकामी. कुणाची ते सांगायला हवं का? तेवढ्यात बिल्ला लावलेल्या एक प्राध्यापिका माईकवर आल्या आणि नाकातून म्हणाल्या, "मानकऱ्यांनी रांगेत, क्रमानं वर यायचंय. जे आपल्या जागेवर नसतील, त्यांचं पदक त्यांनी उद्या ऑफिसातून घेऊन जावं..." ऑफिसातून! पार्सल आहे का ते? आणि बघतो तर काय, शिपाई ती रिकामी खुर्ची उचलायला लागला! फोटोत भोक दिसतं म्हणे.

मी उठलो. ही शर्ट ओढतेय, "बसा हो, शोभतं का या वयात!" या वयात नाही तर कधी? तरातरा पुढं गेलो, खिशातला रुमाल काढला, झटकला आणि टाकला खुर्चीवर. संपलं! रुमाल पडला, जागा ठरली! गाडीतला कायदा आहे हा. याच कायद्यावर मी पैलवान उठवलेत, वकील उठवलेत, एकदा आमच्याच साहेबांच्या मेहुण्याला उठवलंय.

पण शिकलेल्या माणसांना कायदा कळेल तर शपथ. बिल्लेवाल्या बाई आल्या, रुमाल दोन बोटांत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा, आणि म्हणतात, "हा कुणाचा?"

"माझा. जागा नातीची."

"आजोबा, इथं रुमाल चालत नाही. माणूस लागतो."

माणूस लागतो? बरं. बसलो. घडी घालून रुमाल मांडीवर ठेवला. "आता चालतं?"

"अहो, पण तुम्ही मानकरी नाही!"

"नाहीच. मी फक्त जागा धरलीय. ती आली की उठतो."

"आणि नाही आली तर?"

"तर बसतो."

बाई लाल! शेजारी एक चष्मेवाली पोरगी बसली होती, ती तोंडावर हात ठेवून हसतेय, आणि माझ्या कानात म्हणते, "आजोबा, आम्ही उठलो की उठा, माझ्या पुढं चाला, डावीकडून. रांग मोडली तर सगळ्यांची प्रमाणपत्रं इकडची तिकडं होतील." बघा! पोरीला कळलं. रुमाल पडला, जागा ठरली, आणि जागा ठरली की रांगही ठरली!

आणि आमची भिंगरी होती कुठं? ऐका. निवेदन करणाऱ्या मुलाचा ऐन वेळी घसा बसला, आणि मानकऱ्यांची नावं वाचायला उभं कोण? व्यासपीठाच्या कोपऱ्यात, अर्ध्या पडद्याआड? गाऊन उलटा घातलेला, शिलाई बाहेर! आवाज ऐकला आणि डोकंच फिरलं माझं. स्वतःच्या लग्नात वाढपी व्हायचं म्हणजे कमालच झाली!

रांग उठली. मी उठलो. काळ्या गाऊनांच्या मधे एक पांढरा सदरा. मागं लोक कुजबुजतायत, हिनं पदर तोंडावर घेतलेला, मी सरळ चाललोय. पायऱ्या चढलो. एकेक नाव, एकेक टाळी. माझ्या पुढचा मुलगा गेला. आता भिंगरीचंच नाव. मी म्हटलं, आता वाचेल, धावत बाहेर येईल, मी बाजूला होईन...

आणि तिनं स्वतःचं नाव गिळलं! अहो, गिळलं! सरळ पुढचं वाचलं, चष्मेवालीचं!

चष्मेवाली काही हलेना. हलणार कशी, पुढं मी. आणि मी तर मुळीच हललो नाही. भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज आहे माझा, तो काढला, "एक नाव राहिलंय!"

भिंगरी माईक चालू आहे हे विसरून म्हणते, "आजोबा! तुम्ही तिथं काय करताय?"

"जागा धरलीय! नाव वाच!"

"मी उद्या ऑफिसातून घेईन ना..."

"ऑफिस बघायला मी एवढ्या लांब आलो का?"

लोक हसायला लागले. प्राचार्य मान वाकडी करून विचारतायत, "कोण आहेत हे?" आणि बिल्लेवाल्या बाई खालून हातवारे करतायत, उतरा, उतरा! उतरतोय कसला! रुमाल पडला, जागा ठरली! शेवटी प्रमुख पाहुण्या, चांगल्या वयस्कर होत्या, माझ्याएवढ्या, त्या म्हणाल्या, "वाच गं बाई तुझं नाव. हे काही हलायचे नाहीत."

मग वाचलं. एवढासा आवाज! चुलीत फुंकर मारावी तसा. आणि आली धावत, वायरीत पाय अडकवत, माझा हात धरून म्हणाली, "आजोबा, तेवढं माईकपाशी उभं राहा, स्टँड ढिला आहे, पडेल."

बरं, राहिलो. एका हातानं स्टँड धरला. पण तुम्हाला सांगतो, वळून बघतो तर पायऱ्यांवर हा खोळंबा! नावं वाचणारं कुणी नाही, मागची पोरं पुढच्यांच्या अंगावर, कुणाचा गाऊन कुणाच्या पायाखाली. आता माणसानं काय करावं? गर्दी दिसली की माझं तोंड आपोआप उघडतं! "चला, पुढं सरका! दारात थांबू नका! नाव ज्याचं त्यानं सांगा, मोठ्यानं सांगा, लाजायचं काम नाही!" आणि पोरं काय खूश! एकेक जण माईकपाशी येतोय, छाती काढून स्वतःचं नाव सांगतोय, टाळ्या नुसत्या कडाडतायत! रांग कशी झरझर निघाली! प्राचार्यांनी नंतर हात मिळवला माझ्याशी. बिल्लेवाल्या बाईंनी नाही मिळवला. नको मिळवू दे.

सगळं पार पडलं. वळलो. म्हटलं, हं, आता पदक कधी घालतायत?

घातलं होतं! केव्हाच! माझ्या पाठीमागं, मी "पुढं सरका" म्हणून ओरडत होतो तेव्हा! सगळ्या सभागृहानं पाहिलं. शिपायानं पाहिलं. बिल्लेवाल्या बाईंनीसुद्धा पाहिलं! आणि भिंगरी पदकासकट खुर्च्या आवरायला गेलेली.

आता रोज चहा झाला की हिला विचारतो, "कशी दिसत होती गं?" ही सांगते. मान अशी खाली केली, मग हसली, मग तुमच्याकडं बघितलं. आधी एवढंच होतं. आठवड्यानं हिच्या सांगण्यात पाहुण्यांनी तिला जवळ घेतलं. आणि काल तर म्हणाली, पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. परवापर्यंत नव्हतं हं आलेलं! पण मी काय बोलणार? ऐकून घेतो. पाहिलंय तिनं.