हफीजनची पेटी आणि लताफतची छत्री

...आणि वर मलाच विचारतात, की शब्बन मियाँ, तुमचा जन्म कुलपांत गेला आणि तुम्हाला घरातलं एक कुलूप उघडता येत नाही? आता तुम्हीच सांगा, याला माणसानं काय उत्तर द्यायचं? तुम्हाला सांगतो, मी पॉलिशवाला. पंचेचाळीस वर्षं चाकावर कुलपं धरली, काळीकुट्ट आली ती आरशासारखी करून पाठवली, पण एकाच्याही पोटात काय असतं ते बघितलं नाही, आणि बघायचं कशाला? आमच्या अलीगढमध्ये अख्खं कुलूप कोणी करतच नाही. एका घरात खोकं ओततात, दुसऱ्या घरात कडी वाकवतात, आमचा बुंदू पोटातल्या पत्त्या, म्हणजे किल्लीनं उचलल्या जातात त्या पातळ पट्ट्या, कापतो, लताफत किल्ल्या घासतो, तिसऱ्याच गल्लीत कोणीतरी ते सगळं जुळवतो आणि शेवटी माझ्याकडे येतं, वरून चमकवायला. गल्लीत जो तो आपापला तुकडा जाणतो. सबंध कुलूप फक्त गिऱ्हाईक बघतं.

पण हे त्या दिवशी ऐकतो कोण? त्या दिवशी म्हणजे मंगळवारी, माझी हफीजन गेली त्या दिवशी. चार दिवस इस्पितळात होती, सकाळी घरी आणली ती खाटेवर झाकूनच. अंगण बायकांनी भरलं, बाहेर चटया पसरल्या, इमामसाहेबांनी सांगून टाकलं की असरची, दुपार कलल्यावरची, नमाज झाली की उचलायचं, उशीर करायचा नाही, उकाड्याचे दिवस आहेत. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं आणि मग खैरुन आपा बाहेर आल्या. खैरुन आपा म्हणजे आमच्या गल्लीतल्या बायकांना शेवटची अंघोळ घालणाऱ्या, ऐंशीच्या घरात, आवाज असा की जिवंत माणूससुद्धा गुपचूप अंघोळीला बसेल. त्या म्हणाल्या, शब्बन, कफन काढून दे.

कफन पेटीत होतं. सात वर्षांपूर्वी हफीजनचा भाऊ हजला गेला होता, त्यानं तिथून आणलं, मक्केतल्या जमजमच्या विहिरीच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. तेव्हापासून ते तिच्या लोखंडी पेटीत. दर वर्षी रमजानच्या आधी ती पेटी उघडायची, मला अंगणातून घालवायची, कापड उन्हात द्यायची, कापराच्या वड्या बदलायची आणि परत कुलूप. आयुष्यात त्या बाईनं माझ्याकडे काही मागितलं नाही हो. बांगड्या मागितल्या नाहीत, ताजमहाल इथून दोन-तीन तासांवर, तोसुद्धा मागितला नाही. एवढंच म्हणायची, मला त्याच कापडात न्या, बाजारचं अंगावर घालू नका. बास. एवढीच एक गोष्ट. आणि किल्ली कुठाय?

किल्ली तिच्या नाड्याला असायची, कायम. इस्पितळात कपडे बदलले, जुने कपडे कुठे गेले कोणाला माहीत नाही, निगार, म्हणजे आमची मुलगी, दोनदा जाऊन विचारून आली, तिथली बाई म्हणाली की आम्ही माणसं सांभाळतो, नाडे सांभाळत नाही. बरोबरच आहे तिचं. घरात सगळे डबे उपडे केले, गाद्या झटकल्या. नाही म्हणजे नाही.

तुम्ही म्हणाल, मग तोडायचं. बाहेरचे पाहुणेही तेच म्हणाले. निगारच्या नवऱ्यानं तर हातोडी आणली, खुर्जाचा आहे, तिकडे कपबश्या बनवतात, त्यांना फोडण्याचं काही वाटत नाही. पण आमच्या गल्लीत कुलूप तोडत नाहीत. रोटी भाजणारा रोटीला पाय लावेल का? तसंच. आणि खैरुन आपा दारात आडव्या उभ्या राहिल्या, म्हणाल्या, मय्यत घरात असताना ठोकाठोकी करशील तर तुलाच आधी अंघोळ घालीन. त्यानं हातोडी पाठीमागे लपवली. पेटीच्या बिजागऱ्याही रिव्हेट मारलेल्या, तिथेही ठोकल्याशिवाय गत नाही.

किल्ली हरवली तर कुलूप बघून नवी बनवून देणारा आमच्या भागात एकच, तो लग्नाला हाथरसला गेलेला. कुलपांच्या गावात कुलूप उघडणारा एक माणूस, आणि तो वऱ्हाडात! मग काय, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शब्बन मियाँ, तुम्हीच उघडा. अरे पण मी पॉलिशवाला! माझं काम वरून चमकवायचं!

तरी बसलो. करतो काय? पेटीपुढे मांडी घालून बसलो आणि घरातून जे मिळेल ते येऊ लागलं. आपल्या घरात इतक्या बारीक लांब वस्तू असतात हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. शेजारणीनं विणायची सुई दिली, ती जाड. निगारनं ओढणीची टाचणी काढून दिली, ती आत गेली आणि मोडून अर्धी तिथेच राहिली, ती चिमट्यानं काढण्यात पाव तास गेला. कबाबाची सळई कोणीतरी आणली, तिला कुलपाचं भोक दाखवून मी परत पाठवली. नाडा ओवायची सळई, सायकलचा आरा, करवतीचं जुनं पातं... तुम्हाला सांगतो, मला त्यातलं काय कळणार, पण एवढं कळलं की जे वाकतं ते आत जाऊन काही ढकलत नाही, आणि जे वाकत नाही ते कट्‌कन मोडतं. माणसांचंही तसंच असेल, मला नक्की माहीत नाही.

आणि मग पडद्याच्या आतून खैरुन आपांचा हात आला. मूठ उघडली तर त्यात केसांच्या पिना. पाच. अंघोळीसाठी हफीजनचे केस मोकळे केले होते, त्यातल्या. म्हणाल्या, या बघ चालतात का.

घेतल्या मी. त्यांना अजून मेंदीचा वास होता. एकीला एक लांब केस गुंडाळलेला, अर्धा पांढरा, अर्धा लाल. तो सोडवून खिशात ठेवला आणि पीन सरळ करून कुलपात घातली. वाकली. दुसरी घातली, तीही वाकली. हलक्या तारेच्या होत्या, मीच जुम्म्याच्या बाजारातून आणलेल्या. तिसरी मी वाकवली नाही. उरलेल्या तिन्ही परत पाठवून दिल्या.

तोवर बुंदू आला. बुंदू बालपणापासूनचा दोस्त, पत्त्या कापता कापता त्याचे डोळे गेलेत, जाड भिंगाचा चष्मा. कुलूप कानाशी धरून हलवलं आणि म्हणाला, सहा पत्त्यांचं आहे, माझ्याच हातचं असणार, हे उघडणार नाही. असं म्हणून मोठ्या समाधानानं बसला. मी म्हटलं, अरे, तू माझ्या बाजूचा आहेस की कुलपाच्या? त्याच्या पाठोपाठ लताफत. लताफत किल्लीवाला, छत्री घेऊन, कारण तो उन्हातही छत्री घेतो आणि ती कोणाला हात लावू देत नाही. त्या दोघांचं तीस वर्षं पटत नाही. एक म्हणतो माझ्या पत्त्यांमुळे कुलूप टिकतं, दुसरा म्हणतो माझ्या किल्लीशिवाय तुझ्या पत्त्या म्हणजे डब्यातला पत्रा.

"किल्लीवाले, आता उघड ना," बुंदू म्हणाला.

"किल्ली द्या, उघडतो," लताफत म्हणाला.

घड्याळात अडीच वाजलेले. कोणीतरी, बिचाऱ्यानं काळजीनंच, बाजारातून कापड आणून ठेवलं होतं. पांढरं, नवं, कागदात गुंडाळलेलं. ते दाराशी ठेवलेलं मला दिसत होतं आणि मी तिकडे बघत नव्हतो. निगार माझ्याजवळ येऊन बसली, हळूच म्हणाली, "अब्बा, नाही उघडलं तर अम्मी रागावणार नाही." मी म्हटलं, "ती कधी रागावलीय? तेच तर आहे ना, बेटा."

यानंतर लताफतनं काय केलं असेल? छत्री उलटी केली, गुडघ्यावर ठेवली आणि तिची एक काडी कापडातून ओढून काढली. टर्र असा आवाज झाला. बुंदूचा चष्मा नाकावर घसरला. हा माणूस पावसात सख्ख्या मेहुण्याला छत्रीत घेत नाही! काडी माझ्यापुढे धरून म्हणाला, वाकते आणि परत उभी राहते, असलंच पाहिजे तुला. पण जाड आहे, घासावी लागेल.

घासायची म्हणजे चाकावर. आणि चाक चालवायचं म्हणजे मोटर, म्हणजे घरभर घरघर. मी खैरुन आपांकडे बघितलं. त्यांनी एकदा आत हफीजनकडे बघितलं. मग म्हणाल्या, "लाव. तो आवाज तिच्या कानाला परका नाही."

तुम्हाला सांगतो, मी पॉलिशवाला. हे एकच काम मला येतं. चाक सुरू केलं, काडी धरली, ठिणग्या उडाल्या, आणि रोजच्यासारखं वाटलं की आता आतून आवाज येईल, चहा ठेवू का. अंगणातल्या बायकांचं कुराण पढणं थांबलं नाही, चाक थांबलं नाही, माझे डोळे गळत होते तर बघणाऱ्यांना वाटलं की धूळ गेली. पंचेचाळीस वर्षं जातेच आहे.

काडी बारीक झाली, लताफतनं तिचं टोक वाकवलं. कुलपाला आतून दाब द्यायला काहीतरी चपटं पाहिजे म्हणाला, तर चहाच्या चमच्याचा दांडा घासून दिला. मग आम्ही तिघं त्या एका कुलपावर. लताफतनं चमचा दाबून धरला, बुंदू डोळे मिटून सांगत होता, ही उचलली, आता पुढची, हळू, ही लबाड आहे, ही मी मुद्दाम खोल कापतो, आणि काडी माझ्या हातात, कारण दोघांचे हात कापतात, माझा चाकामुळे कापत नाही. तीन म्हातारे, सहा हात, एक कुलूप. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही तिघांनी मिळून एक कुलूप हातात धरलं होतं, तेही उलट्या कामाला. सहावी पत्ती उचलली, काडी कट्‌कन मोडली, आणि त्याच क्षणी कडी वर आली.

बुंदूनं विचारलं, उघडलं? आणि त्याचं तोंड असं झालं, जणू त्याचा मुलगा शाळेत नापास झालाय.

झाकण उचललं. कापूर. वर कफन, पाच कपड्यांचं, बायकांचं असतं तसं, नीट घडी घातलेलं. खैरुन आपांच्या हातात दिलं, त्यांनी ते आधी डोळ्यांना लावलं आणि आत गेल्या. दाराशी ठेवलेला कागदाचा पुडा कोणीतरी उचलून नेला.

मी झाकण लावणार, तर खाली आणखी एक गाठोडं. तीन कपड्यांचं. पुरुषाचं. त्यावर चिंधी बांधलेली, आणि चिंधी ओळखू आली, माझ्या पॉलिशच्या बनियनची, काळी, कितीही धुतली तरी काळीच. हफीजनला लिहिता येत नव्हतं. उद्या अदलाबदल होऊ नये म्हणून खूण केली होती तिनं. सात वर्षं माझं कफन उन्हात देत होती आणि मला अंगणातून घालवत होती. आणि मला वाटायचं, बायकांच्या काही गोष्टी असतील.

बाहेर असरची अजान झाली. सगळे उठले. मी ते गाठोडं हातात घेऊन उभा. स्वतःचं कफन हातात घेऊन माणसानं काय करायचं असतं, मला कोणी शिकवलं नाही. ठेवून दिलं परत. झाकण लावलं, कडी घातली. आणि आता हे ऐका. आमच्या कामात कुलूप चमकवून झालं की कडी दाबून बंद करायची आणि मग ढिगात टाकायचं, उघडी कडी ढिगात वाकते. पंचेचाळीस वर्षांची सवय, डोकं विचारत नाही, हातच करतो. बाहीनं कुलूप पुसलं आणि दाबलं.

खट्‌.

बुंदूनं माझ्याकडे बघितलं. लताफतनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी पॉलिशवाला. दुसरं काय म्हणणार? तिला खांदा द्यायचा होता, आम्ही गेलो.

त्याच कापडात गेली ती. तेवढं झालं.

पेटी तशीच आहे, बंद, माझं गाठोडं आत. हाथरसहून तो किल्ल्या बनवून देणारा केव्हाच परत आलाय, निगार सारखी म्हणते बोलवा, मी म्हणतो बघू. लताफतची फाटकी छत्री माझ्या खुंटीला टांगलेली आहे, सात काड्या शिल्लक आहेत. या पावसाळ्यात रोज भिजत येतो बिचारा. मी दोनदा म्हटलं, घेऊन जा रे तुझी छत्री, शिवून घे. तर म्हणतो, राहू दे शब्बन भाई, लागेल.