पाठमोरा माणूस

शिवणकामवाली : पाचही जण तेच, असं लिहून दिलंय ना मी? तुम्ही सरकारी वकील, आमच्या बाजूचे. मग पुन्हा काय विचारता?

वकील : ताई, जबाब पोलिसांनी लिहिला, तुम्ही सही केलीत. दुकान पेटवलं तेव्हा तुम्ही स्वतः कोणाला पाहिलंत?

शिवणकामवाली : चौघांना. हप्त्यासाठी कायम दारात असायचे मेले, झोपेतही ओळखेन. पाचवा... गाडीत होता. पाठमोरा.

वकील : मग ओळख परेडीत त्याच्यावर बोट कसं ठेवलंत?

शिवणकामवाली : हवालदार म्हणाले, हाही त्यांच्यातलाच. सासूबाईंचे दोन्ही हात भाजले होते हो. माझं डोकं ठिकाणावर होतं का?

वकील : तो म्हणतो, मी भाड्याचा ड्रायव्हर, हे कोण ते मला ठाऊक नव्हतं. टोळ्यांविरुद्धचा कायदा कडक, जामीन नाही. चौदा महिने आत आहे.

शिवणकामवाली : आणि मी आज कच खाल्ली, की ते चौघेही सुटणार! मग मी कुठे जाऊ?

वकील : एक खोटं सापडलं, तर त्यांचा वकील चार खऱ्यांवरही पाणी फिरवेल.

शिवणकामवाली : आणि नाही सापडलं तर?

वकील : तर तो माणूस आयुष्यभर आत. धाक दाखवून हवं ते वदवून घ्यायचं, हे टोळीचं काम. आपण नको करायला.

शिवणकामवाली : आणि ते सुटून माझ्या दारात आले तर?

वकील : तुमच्या घराबाहेरचा पोलीस पहारा निकालानंतरही राहील, तसा हुकूम घेतलाय मी. चला, पुकारा झाला. पाहिलंत तेवढंच सांगा.

(चार महिन्यांनी. तिच्या नव्या दुकानात.)

वकील : चौघांनाही शिक्षा झाली, ताई! न्यायाधीशांनी लिहिलंय, पाचव्याला ओळखत नाही असं सरळ सांगणारी बाई चौघांबद्दल खोटं बोलणार नाही.

शिवणकामवाली : आणि तो?

वकील : निर्दोष. कालच बाहेर आला.

शिवणकामवाली : तरीच. सकाळी बायकोबरोबर आला होता. हात जोडले, म्हटलं, चुकले रे बाबा.

वकील : काय म्हणाला?

शिवणकामवाली : बायको रडत होती. तो म्हणाला, सगळे कपडे ढगळ होतायत, आत घेऊन द्याल? सोमवारपासून कामावर जायचंय.

वकील : आणि तुम्ही?

शिवणकामवाली : म्हटलं, ये, उजेडात उभा राहा. माप घेते.