फिकट कागद

इस्पितळाच्या खिडकीशी लेक उभी होती. रात्री वारलेल्या वडिलांचा देह ताब्यात घ्यायची चिठ्ठी हवी होती. काचेआड एक कारकून आणि त्याच्या वरिष्ठ ताई जुन्या प्रिंटरशी झटत होते.

"ताई, अगदीच फिकट आलं हो. रिबन तर नवी घातलीय!"

"रिबनला कशाला बोल लावता? काल तीन प्रतींच्या जाड कागदासाठी लिव्हर मागे ओढलात, तो तसाच आहे; ठसा लांबून पडतोय. पुढे घ्या."

"घेतला. आता कागद तिरका चाललाय!"

"कागदाच्या कडेची भोकं चाकाच्या दातांवर नीट बसवा. ओढू नका, फाटेल."

"बाहेर माणसं खोळंबलीत, ताई."

"खोळंबू देत. गेलेल्या माणसाचं नाव तरी धड उमटू दे."

कर्रर्र, कर्रर्र.

"उमटलं! कसं ठळक आलंय बघा. घ्या, बाई."

वडिलांच्या नावापुढे ठळक 'मयत' दिसताच लेकीने पुढे केलेला हात मागे घेतला.

"मघाचा फिकट कागद टाकलात का हो? मला तोच द्या."