कोणाची भीती वाटते?

विरारहून अर्नाळ्याला जाणाऱ्या बसमध्ये पुढच्या सीटवर दोघी कोळणी बोलत होत्या. खिडकीशी सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती.

“प्रिसिला, रेनिशाला घेऊन कुठं गेलेलीस?”

“पालघरला, बाल कल्याण समितीपुढं. बहीन वारली नि बाप हिला मारायला लागला, तवा त्यांनीच हिला माझ्याकडं ठेवली ना. अधूनमधून तिथल्या मॅडम घरी येऊन बघून जायच्या. आज निकाल होता.”

“मग?”

“मला दाराबाहेर बसवलं, पन आतलं ऐकू येत होतं. हिला विचारलं, मावशीच्या घरात कोनाची भीती वाटते का? ही म्हनाली, वाटते.”

“अगं बाई.”

“मी उठून दाराला कानच लावला, रोझलीन.”

“कोनाची म्हनाली?”

“आमच्या बदकाची. पायाला चोच मारतं म्हने.”

“मग मॅडम?”

“हसत बाहेर आल्या. म्हनाल्या, पोरगी तुमच्याकडंच राहील, आता तपासायला यायची गरज नाय.”

“चांगलं झालं गं. आता नाताळात ते बदक काप, म्हंजे हिची भीतीच गेली.”

खिडकीशी बसलेली मुलगी वळली.

“नको मावशी. ते आपल्या घरातलं हाय.”